शिक्का

तिकीट होतं. यंत्रात पैसे भरून काढलेलं, पावतीसकट. तरी परवा इटलीत मी विनातिकीट ठरलो, आणि ते अजून पचलेलं नाही.

झुरिक ते मिलान निवांत. ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा वीसेक मिनिटांत मागे पडला. मिलान-जेनोवा इंटरसिटी, आसन राखीव, कसली कटकट नाही. तिथून मोंतेरोस्सो या समुद्रकाठच्या गावाला जाणारी मात्र रिजनल, म्हणजे आपली पॅसेंजर. समुद्र उजवीकडे, म्हणून उजवीकडची खिडकी धरली. बोगदे कोकण रेल्वेसारखे एकामागून एक. समुद्र मधूनच डोळा मारून जातो.

तिकीट तपासनीस आला. "तिंब्रातो?" म्हणजे, शिक्का मारलाय का?

फलाटाच्या तोंडाशी एक खोकं असतं. तिकिटाचं टोक त्यात खुपसायचं, 'खर्र' झालं की तारीख-वेळ उमटते, तिथून चार तास मोजायचे. रिजनलच्या कागदी तिकिटावर ठरावीक गाडी नसते. शिक्का नसेल तर त्याच तिकिटावर माणूस दिवसभर हिंडेल. इंटरसिटीला शिक्का लागत नाही, म्हणून गाफील माणूस नेमका पुढच्या गाडीत सापडतो. नियम कळला हो, पण तिकीट छापणाऱ्या यंत्राला ही गोष्ट ठळक अक्षरांत छापायला काय शाई कमी पडते?

समोर एक आजीबाई, मांडीवर फोकाच्या नावाच्या इटालियन पावाची तेलकट पुडी. त्यांनी माझं वकीलपत्र घेतलं. "तुरिस्ता! पोव्हेरिनो!" इटालियन मला येत नाही, पण हातवारे शुद्ध मराठीत होते: बिचारा, जाऊ दे, लेकराबाळांचा दिसतो. तपासनीस काहीतरी पुटपुटला. आजींनी चष्मा लावला, तिकीट उलटसुलट पाहिलं, उजेडात धरलं आणि "नो, नो, नो!" करत थेट सरकार पक्षात गेल्या. मग 'खर्र' कसं करायचं याचं प्रात्यक्षिक अख्ख्या डब्याला. पलीकडचे दोघं माना डोलावत होते. तपासनिसाला बोलावंच लागलं नाही. तो शांतपणे पावती फाडत राहिला. तिकिटाच्या कितीतरी पट दंड, वर कार्ड चालतं हा दिलासा.

तो गेल्यावर आजींनी स्वतःचं तिकीट दाखवलं. त्यावरही शिक्का नव्हता! त्यांच्या स्टेशनावरचं खोकं बंद होतं, म्हणून स्टेशन, तारीख आणि वेळ बॉलपेनने लिहिलेली. तेही चालतं, पण गाडीत चढल्या चढल्या आपणच तपासनिसाला गाठायचं, त्याने आपल्याला गाठायच्या आत.

आजींनी फोकाच्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग पर्समधून ते बॉलपेन काढून मला नीट दाखवलं, आणि परत आत ठेवलं.