चक्कर, परिषदा आणि कुणालाच विकता न येणारी पाच मिनिटं

कान आणि तोल यांच्या विकारांवरच्या परिषदा मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून आमच्याच क्षेत्रातली मंडळी म्हणतील, हिला बोलावलं नाही म्हणून चिडलीय. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं आणि तोल तपासणारी, तालुक्याच्या गावी बसते, जमेल तेव्हा परिषदेला जाते. नवं ऐकायला मिळतं, जुने वर्गमित्र भेटतात, जेवणही झकास असतं. माझी तक्रार वेगळी आहे. हॉलमध्ये जे सगळ्यांना माहीत असतं, ते हॉलचं दार ओलांडून गावातल्या दवाखान्यापर्यंत का पोचत नाही?

चक्करचंच घ्या. माझ्याकडे येणारी पेशंट बहुतेकदा पन्नाशी-साठीची बाई. पहाटे कूस बदलली आणि अख्खी खोली गरगरली. उलटी झाली, घरचे हादरले. माझ्यापर्यंत येते तेव्हा हातात जाड फाईल असते: मानेचा एक्सरे, ‘मणक्यात गॅप आहे’ असं निदान, गळ्यात पट्टा, कधी मेंदूचा एमआरआय आणि महिनोन्‌महिने चाललेल्या चक्करच्या गोळ्या. आता साठीतल्या माणसाच्या मानेचा एक्सरे काढला तर त्यात काही ना काही निघणारच. पण कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला मान वर करताना, अर्ध्या-एक मिनिटापुरतीच गरगर येत असेल तर पहिला संशय मानेवर नव्हे, कानावर घ्यायला हवा.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांची जागा ठरलेली. वयाने, डोक्याला मार लागल्याने किंवा काही कारण न सापडताही ते सुटतात आणि अर्धवर्तुळाकार नळीत, बहुधा मागच्या नळीत, शिरतात. डोकं हललं की कण घरंगळतात, नळीतला द्रव ढवळतो आणि मेंदूला खोटी खबर जाते की आपण फिरतोय. याला बीपीपीव्ही म्हणतात. तपासायला यंत्र लागत नाही. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये दिलेली पद्धत आहे: मान एका बाजूला ४५ अंश वळवून पेशंटला पटकन आडवं करायचं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर जरा खाली, आणि डोळ्यांकडे बघत राहायचं. काही सेकंदांनी बुबुळं ठरावीक पद्धतीने फिरायला लागली की निदान झालं. मग डोकं ठरावीक क्रमाने वळवत कण नळीतून बाहेर काढायचे. ही एप्ली मॅनुव्हर. पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि बऱ्याच जणांना एक-दोन वेळातच आराम पडतो.

या एप्लींची गोष्ट आमच्या प्रत्येक परिषदेच्या उद्‌घाटनात सांगायला हवी. जॉन एप्ली हे अमेरिकेतल्या पोर्टलंडचे कानाचे डॉक्टर. १९८० मध्ये त्यांनी ही पद्धत तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अधिवेशनात मांडली, तेव्हा ऐकणाऱ्यांचा विश्वास बसला नाही, काही जण तर उठून गेले. गोळी नाही, ऑपरेशन नाही, नुसतं डोकं फिरवून चक्कर बरी होते म्हणे! त्यांचा मुख्य लेख छापून यायला १९९२ उजाडलं. मधल्या काळात त्यांनी हजारोंना बरं केलं असेल-नसेल, पण हॉलमध्ये पटलं नव्हतं ना.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १८६१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत प्रॉस्पर मेनिएर यांनी सांगितलं की गरगर, कानात आवाज आणि कमी ऐकू येणं हे तिन्ही आतल्या कानातून येऊ शकतं. त्या काळी अशा झटक्याला मेंदूत रक्त साकळल्याचं लक्षण समजून पेशंटचं रक्त काढत, जळवा लावत. अकादमीने थंडपणे ऐकून घेतलं. पुढच्याच वर्षी मेनिएर वारले, आणि आज त्यांच्या नावाच्या आजारावर अख्खी सत्रं भरतात. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी कान धुताना पाणी गार असलं की पेशंटला गरगरतं हे नुसतं ऐकून सोडून न देता त्याचा पाठपुरावा करत गेले, त्यातून तोलाच्या इंद्रियाची तपासणी जन्मली. १९१४ चं नोबेल त्यांना जाहीर झालं तेव्हा ते रशियाच्या युद्धकैदेत होते. त्यांच्या नावाची बारानी सोसायटी १९६० पासून आहे आणि चक्करच्या आजारांच्या व्याख्या तीच ठरवते. चांगलं काम आहे, त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या टप्प्याबद्दल. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेची २००८ आणि २०१७ ची मार्गदर्शक सूचना स्वच्छ आहे: बीपीपीव्हीला चक्कर दाबणाऱ्या गोळ्या सरसकट देऊ नका, एक्सरे-एमआरआय सरसकट काढू नका, मॅनुव्हर करा. आपल्याकडे पाण्यासारख्या लिहिल्या जाणाऱ्या बेटाहिस्टीन या चक्करच्या गोळीचं बघा. मेनिएरच्या पेशंटवर जर्मनीत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नऊ महिन्यांनंतर झटके कमी झाले ते खरी गोळी घेणाऱ्यांचे आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचे सारखेच! हे सगळं परिषदांत वाचलं जातं. टाळ्या पडतात. सोमवारी गावात चिठ्ठी तीच.

का? माझं मत विचाराल तर एप्लीत कुणाचाच धंदा नाही. परिषदेच्या स्टॉलवर एक चक्कर मारा (हो, मुद्दामच म्हणते). बुबुळांची हालचाल टिपणारे लाखांचे चष्मे आहेत, फिरत्या खुर्च्या आहेत, श्रवणयंत्रांची नवी मॉडेलं आहेत, गोळ्यांच्या कंपनीची पिशवी आणि पेन आहे. पाच मिनिटं हात लावून बरं करायचं शिकवणारा स्टॉल कोण लावणार आणि कोणत्या पैशांवर? यंत्रं वाईट नाहीत, अवघड पेशंटला लागतातच. पण घाईघाईत ढीगभर पेशंट बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांना दोषही देऊ नका, त्यांना हे कुणी करून दाखवलंच नाही.

आणि प्रत्येक चक्कर म्हणजे कण नव्हेत, हेही त्यांना तितकंच शिकवायला हवं. गरगर तासन्‌तास थांबतच नाही, बोलताना जीभ अडखळते, एक गोष्ट दोन दिसते, उभंच राहता येत नाही, तिथे मॅनुव्हर करत बसायचं नाही. तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो, गाडी काढून मोठं हॉस्पिटल गाठायचं. अशा पेशंटमध्ये डोळ्यांच्या तीन साध्या तपासण्या नीट शिकलेल्या हाताने केल्या तर त्या सुरुवातीच्या एमआरआयपेक्षाही जास्त सांगून जातात, हे २००९ पासून छापलेलं आहे.

ऐकण्यावरच्या परिषदांचा एक विनोद सांगितल्याशिवाय राहवत नाही. माईक किंचाळतो, हॉल घुमतो, पडद्यावर बोलण्याची अक्षरं कुठेच नाहीत. श्रवणयंत्र लावलेला माणूस तिथे आलाच तर त्याला आपल्याच आजारावरचं भाषण कळणार नाही. अर्थात त्याला बोलावतं कोण!

म्हणून ज्यांच्या हातात पुढच्या परिषदेची कार्यक्रमपत्रिका आहे त्यांना सांगते. आदल्या दिवशीची दुपार रिकामी ठेवा. ज्या गावात परिषद आहे तिथल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या फॅमिली डॉक्टरांना बोलवा, एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस सगळ्यांना. एमबीबीएसवाल्यांना नोंदणी टिकवायला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत अशा शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, त्यातले एक-दोन इथे द्या. स्लाइड नकोत. तपासणीची टेबलं मांडा, एकमेकांना आडवं करून हात बसू दे, बरे झालेले दोन-चार पेशंटही बोलू देत. मी शिकवायला येईन, मानधन नको, स्मृतिचिन्ह तर मुळीच नको. टेबल मात्र भक्कम बघा, कडेबाहेर डोकं लटकवायचं असतं.