बासची मजा वेगळीच

फ्लाय फिशिंगवरच्या (म्हणजे फ्लाय नावाच्या हलक्या नकली आमिषाने मासे धरण्यावरच्या) लेखात ते ट्राउट माशासाठीच असं धरलंय, पण बास माशासाठी एकदा करून बघाच. आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो, मागच्या जुलैत मित्राबरोबर हॅरिसबर्गजवळ सस्क्वेहाना नदीत गुडघाभर पाण्यात उतरलो, ६ वेटचा (मध्यम ताकदीचा) रॉड आणि क्लाउझर मिनो हा छोट्या माशासारखा फ्लाय, फ्लाय बनवणाऱ्या बॉब क्लाउझरनी तो याच नदीतल्या स्मॉलमाउथ जातीच्या बाससाठी बनवला म्हणून मुद्दाम तोच लावलेला, पण दुपारभर काहीच नाही. ऊन उतरल्यावर मित्र म्हणाला पॉपर (पाण्यावर तरंगणारा फ्लाय) लाव, त्या खडकामागच्या संथ पाण्यात टाक आणि वलयं विरेपर्यंत अजिबात हलवू नकोस. थांबलो, मग हलकाच झटका दिला आणि पाणी फुटलंच की हो! बास दोनदा हवेत उडाला, असेल १५ इंच, पण माझे हात थरथरत होते. ओल्या हातांनी धरून परत सोडला. मित्र आता टेक्सासला गेला, तो पॉपर मी जपून ठेवलाय.