अडीच इंच माया

मराठीत कापड नुसतं कापत नाहीत, बेततात. आणि बेत चुकला की तेच जिवावर बेततं. दोन्हीकडे एकच क्रियापद जिनं कुणी वापरात आणलं, ती बाई शिवणक्लासला जाऊन आलेली असणार, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही.

सुरुवात आमच्या टेलरमास्तरांपासून झाली. मास्तर माणूस सज्जन. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि टाचण्यांच्या फटीतून येणारं एकच वाक्य: "सोमवारी या, ताई." कुठल्या सोमवारी, हे ते सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही, कारण मी स्वतः एका सरकारी कार्यालयात बिलं तपासायच्या टेबलावर बसते. "सोमवारी या" हे वाक्य माझ्याही तोंडून दिवसातून दहा वेळा जातं. एका धंद्यातल्यांनी एकमेकांना अडचणीत आणू नये. पण चौथ्या सोमवारी मास्तरांनी फळीवरून माझी पिशवी काढली, तेव्हा तिची गाठ मी मारली होती तशीच्या तशी होती. कापडाला कात्री तर सोडाच, वारासुद्धा लागला नव्हता.

घरी येऊन मी जाहीर केलं, "बस झालं. मीच शिवणार."

नवऱ्यानं पेपर खाली न करता विचारलं, "कुणाला?"

आमच्याकडे सासूबाईंचं पायमशीन आहे. काळं, वर सोनेरी वेलबुट्टी, पाय मारायची बिडाची जाळी. एके काळी त्यांनी त्यावर पडदे, अभ्रे आणि माझ्या नवऱ्याच्या शाळेच्या खाकी चड्ड्या शिवल्या. नंतरची वीस वर्षं इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवायला त्याचा उपयोग झाला. तो ढीग पलंगावर हलवला, तेल घातलं, सैल झालेला चामडी पट्टा कापून पुन्हा जोडला. सासूबाई हे सगळं खुर्चीत बसून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बोट सांभाळ गं. मशीन जुनं आहे, त्याला सवय नाही."

पहिली अडचण दोरा ओवण्याची. सुईच्या भोकाला नेढं म्हणतात. राजगडावर सुवेळा माचीच्या वाटेवर कड्याला आरपार पडलेलं भोक आहे, त्यालाही नेढंच म्हणतात. कॉलेजात असताना त्या नेढ्यात आम्ही मैत्रिणींनी बसून भेळ खाल्ली आहे. इतक्या वर्षांत नेढ्याचा आकार एवढा कमी होईल असं वाटलं नव्हतं. चष्मा लावून, काढून, दोऱ्याला थुंकी लावून, दिवा फिरवून मी अर्धा तास नेम धरत होते. ऐंशीच्या घरातल्या सासूबाईंनी उठून एका फटक्यात ओवला आणि परत जाऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग शिवणक्लास लावला, संध्याकाळी सहा ते सात. क्लासच्या ताई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बरोबरच्या मुली पंचवीस वर्षांनी. पहिला आठवडा कापडाला हात लावायचा नाही. रेघी वहीचं पान मशीनखाली घालायचं, दोरा न ओवता पाय मारायचा आणि सुईची भोकं बरोबर रेघेवर पाडायची. माझी भोकं पहिल्या रेघेवरून निघाली, तिसरीवर थोडा वेळ रेंगाळली आणि समासातून बाहेर पडली. शिवाय पायमशीनची एक गंमत असते. चाकाला सुरुवातीचा झटका हातानं द्यावा लागतो. पाय जरा बिचकला की चाक उलटं फिरतं, आणि दोरा ओवलेला असला तर तटकन तुटतो. हात पुढे ढकलतोय, पाय मागे खेचतोय, डोकं तिसरीकडेच. ताई म्हणाल्या, "काकू, हातापायांचा मेळ जमला की झालं." पंचवीस वर्षांच्या नोकरीत जो जमला नाही तो आठवड्यात जमवायचा होता.

दोरा ओवून कापडावर आले तेव्हा गुंता सुरू झाला. वरून टीप सुबक, आणि कापड उलटं केलं की खाली सुगरणीचा खोपा. मी खालच्या दोऱ्याची बॉबिन काढली, पुसली, बॉबिनकेसचा स्क्रू पिळला, सैल केला, पुन्हा पिळला. खोपा कायम. दोन दिवसांनी ताईंनी सांगितलं की खाली गुंता झाला की बहुतेक वेळा चूक वर असते. वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसला नाही, किंवा वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून ओवायचा राहिला, की तो सैल पडतो आणि खाली जाऊन लोळतो. आमच्या कार्यालयाचं कामकाज इतक्या थोडक्यात मला आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

याच सुमारास मी शिवणयंत्राचा इतिहास वाचायला घेतला. एखादी गोष्ट करायला जमत नसली की मी तिच्याबद्दल वाचते. हाताच्या सुईचं नेढं बुडाशी असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. वरचा दोरा आणि खालून येणारा दुसरा दोरा यांची गाठ त्यामुळेच पडते. १८४६ साली एलियस हाउ या अमेरिकन माणसानं या जोडीचं पेटंट घेतलं. त्याच्याही आधी, १८३० मध्ये, तिमोनिए नावाच्या एका फ्रेंच शिंप्यानं यंत्र काढलं होतं. तेव्हा पोटावर पाय येईल म्हणून चिडलेल्या शिंप्यांचा जमाव त्याच्या पॅरिसच्या कारखान्यावर चालून गेला आणि त्यांनी यंत्रं मोडून टाकली. इतिहासकार त्यांना अडाणी म्हणोत. त्यांतला निदान एक तरी वरचा दोरा ओवून वैतागलेला असेल, असं मला वाटतं. सासरे म्हणाले, "अगं, यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता. १९२४ साली." गांधीजींनी आमचं मशीन पाहिलेलं नव्हतं, असं मी मनात म्हटलं.

सरावाला कापड कुठून आणायचं हा प्रश्न मात्र आला नाही. मराठी घरात ओटीच्या ब्लाऊजपीसांना तोटा नसतो. हे पीस कुणी शिवत नाही. ते हळदीकुंकवाला येतात, कपाटात सहा महिने विसावतात आणि पुढच्या हळदीकुंकवाला बाहेर पडतात. जांभळा, पोपटी, आणि एक रंग जो फक्त ओटीच्या ब्लाऊजपीसमध्येच सापडतो, त्याला नाव नाही. मी एकदम चौदा पीस काढले. त्यांतला एक मी स्वतः तीन वर्षांपूर्वी नणंदेच्या ओटीत घातला होता. कोपऱ्यावर माझ्या हातचं कुंकू होतं.

शिवणक्लासमध्ये माणसाचा पुन्हा जन्म होतो. आधी झबलं, मग टोपडं, मग लाळेरं, मग फ्रॉक, मग परकर, मग ब्लाऊज. झबलं बरं झालं, म्हणजे ज्याला घालायचं तो बोलू शकत नाही, या अर्थानं. फ्रॉकच्या वेळी कागदी साच्याची जी बाजू कापडाच्या घडीवर ठेवायची, ती मी सुट्या कडेला ठेवली आणि फ्रॉकची पाठ दोन तुकड्यांत हाती आली. ताई म्हणाल्या, "हरकत नाही, मागे बटणपट्टी लावू." सहा कळ्यांच्या परकराला मी एक कळी उलटी जोडली, खालची रुंद बाजू वर. तो परकर आता एका बाजूनं पायघोळ आहे आणि दुसऱ्या बाजूनं वाऱ्यावर.

सगळ्यांत शेवटी ज्याचं शहाणपण आलं ते भिजवण्याचं. सुती कापड बेतण्याआधी भिजवून वाळवायचं असतं. हे ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी वहीत लिहून घेतलं होतं. वही भिजवली नाही, कापडही भिजवलं नाही. माझा पहिला कुर्ता पहिल्या धुण्यानंतर आमच्या मुलीनं क्रॉप टॉप म्हणून मागून घेतला. मी शिवलेल्या कपड्याला आजवर मिळालेली तेवढीच मागणी.

घरातलं वातावरण मात्र कात्रीवरून बिघडलं. कापडाची कात्री कागदाला लावायची नाही, धार जाते, हा शिवणकामातला पहिला कायदा. मी नवी नऊ इंची कात्री आणली, तिच्या मुठीला लाल लोकर बांधली आणि सर्वांना एकत्र बसवून सूचना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्यानं तिनं दुधाची पिशवी कापली. विचारलं तर म्हणे, "कागद नाही, प्लॅस्टिक आहे." हिशोबनिसाशी लग्न केल्याचा परिणाम. त्या माणसाला नियमातली फट बरोबर दिसते.

मग मुलगी म्हणाली, "आई, नुसतं शिवून काय होतं? डिझाइन कर." तिनं मला फॅशन ड्रॉइंग दाखवलं. त्यातली बाई नऊ डोकी उंच असते. म्हणजे तिच्या डोक्याची लांबी नऊ वेळा एकाखाली एक मांडली की तिचे पाय जमिनीला टेकतात. खरा माणूस सात-साडेसात डोक्यांचा. मी आरशासमोर उभी राहून फूटपट्टीनं मोजलं. सव्वासहा. पुन्हा मोजलं. केस चप्प बसवून मोजलं, तेव्हा कुठे साडेसहा झाले. आमच्या माहेरी डोकी मोठी, खालचा पुरवठा कमी. मग सगळ्या डिझाइनांचं गुपित कळलं. कागदावर जी उंची दिसते ती कापडाची नसून त्या जास्तीच्या दोन डोक्यांची असते. तरी मी एक वहीभर बायका काढल्या, सगळ्या नऊ डोक्यांच्या, सगळ्या माझ्याकडे तुच्छतेनं बघणाऱ्या.

इतकी तयारी झाल्यावर भाचीच्या लग्नासाठी मी पैठणीतला ब्लाऊजपीस बाहेर काढला.

इथं वाचकांतल्या जाणत्या बायकांनी डोळे मिटले असतील. पैठणीतला पीस एकच असतो. ओटीच्या पिसासारखा तो फिरून परत येत नाही. काठ बाह्यांना लावायचा म्हणजे जागा मोजून मिळते, आणि चुकलं तर त्या रंगाचा, त्या काठाचा तुकडा दुकानात मागायला गेलं तर दुकानदार नवी पैठणी उलगडून दाखवतो. मी रात्री जेवणं झाल्यावर दार लावून घेतलं. छाती छत्तीस, तिचा बारावा भाग तीन, म्हणून गळ्याची रुंदी तीन इंच. हे आकडे मला आवडतात. छातीच्या मापावरून गळा निघतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, निघतो, एकातून दुसरं. बिलं तपासतानाही इतकं स्वच्छ गणित भेटत नाही. अडचण एकच. कापड सपाट असतं आणि बाई नसते. गणितातून निघालेली रेघ कागदावर जिथं संपते तिथून खरं शिवणकाम सुरू होतं: कुठे आकारासाठी टक्सच्या घड्या घालायच्या, मुंढा किती खोलवर वळवायचा, कुठल्या खांद्याला पाव इंच उतार जास्त आहे. मास्तर नुसतं एकदा बघून हे ओळखतात. म्हणजे बिचाऱ्यांची नजर चार सोमवार माझ्या पिशवीवर पडत होती तेव्हा ते कामच करत असतील.

खडूनं रेघा मारून झाल्या आणि हात थरथरू लागला. शिलाईच्या रेघेबाहेर जे जास्तीचं कापड ठेवतात, पुढेमागे अंग सुटलं तर उसवून सैल करायला, त्याला माया म्हणतात. ब्लाऊजला बाजूनं इंच-दीड इंच माया पुरते. मी भीतीनं अडीच ठेवली. चारी बाजूंनी. मग पानाच्या आकाराचा पानगळा बेतायला घेतला आणि खरोखर पानगळच झाली, त्याबद्दल जास्त सांगत नाही.

ब्लाऊज दोन रात्रींत पुरा झाला. उजवा हात घातला, चढला नाही. डावा घातला, सुरेख चढला. पुन्हा उजवा. बाहीचा मुंढा पुढच्या बाजूनं जास्त खोल कापलेला असतो, म्हणून दोन बाह्या एकमेकींच्या उलट बेतायच्या असतात. मी दोन्ही डाव्या बेतल्या होत्या. शिवाय दोन्ही टिपा मी अर्धा अर्धा इंच आतून मारल्यामुळे पुढचे हुक लागतील इतका श्वास मला सोडता येत होता, घेता येत नव्हता.

पिशवीला गाठ मारून मी मास्तरांकडे गेले.

त्यांनी ब्लाऊज काऊंटरवर पसरला. बराच वेळ नुसतं बघितलं. मग टाचण्या ओठांतून काढून ठेवल्या. मास्तरांना मी पहिल्यांदाच टाचण्यांशिवाय बघत होते.

"कुणी शिवलंय हे?"

"आहे एक," मी म्हटलं. "आमच्या तिकडेच."

"शिकाऊ दिसतेय."

"अनुभव आहे म्हणते."

"दोन्ही बाह्या डाव्या आहेत ताई. दोन्ही! पैठणीचं कापड, निदान बघावं तरी माणसानं." ते खरंच हळहळले. "शिलाई किती घेतली?"

"काही नाही घेतली."

"कशी घेईल? तिनंच तुम्हाला द्यायला पाहिजे. पुन्हा जाऊ नका तिच्याकडे."

मी मान हलवली. त्या बाईला दोन शब्द मीही सुनावले, मास्तरांना बरं वाटावं म्हणून. मग त्यांनी ब्लाऊज उलटा केला आणि गप्प झाले. टेप काढला, बाजूच्या शिवणीला लावला, मग बाह्यांना लावला, पुन्हा बाजूला लावला.

"अडीच इंच," ते हळूच म्हणाले. "बाह्यांनाही. चाळीस वर्षांत एवढी माया ठेवलेली पाहिली नाही. सगळं उसवून परत बेतता येईल." त्यांनी कापडावरून हात फिरवला. "येत काही नाही तिला. पण बाई मायाळू आहे."

माझ्या गळ्याशी काहीतरी दाटून आलं, आणि या वेळी तो माप चुकलेला गळा नव्हता.

मास्तरांनी ब्लाऊज पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, फळीवर ठेवली आणि टाचण्या परत ओठांत धरल्या.

"सोमवारी या, ताई."

लग्न रविवारी होतं.