दुसऱ्या भट्टीचा अर्ज आणि पहिल्या भट्टीचे जुने कागद

आमच्या वस्तीच्या कडेला पाळीव प्राण्यांचे एक दहनकेंद्र आहे. त्याच्या चालकांनी दुसरी भट्टी आणि मोठे शीतगृह उभारण्यासाठी जमीनवापराची परवानगी मागितली असून, त्या अर्जावर सध्या हरकती व सूचना मागवल्या आहेत. माझे मत सांगण्यापूर्वी दोन गोष्टी नमूद करते. तीन वर्षांपूर्वी माझ्या कुत्रीचे दहन याच केंद्रात झाले आणि तिथल्या माणसांचे वागणे मी विसरलेले नाही. दुसरे असे की माझे घर त्या धुराड्याच्या वाऱ्याखाली येते, त्यामुळे वर्षातले काही दिवस मला खिडक्या बंद ठेवाव्या लागतात.

शेजाऱ्यांपैकी बहुतेकांचा आग्रह आहे की परवानगी सरळ नाकारावी. त्यांच्या पत्रांतला मोठा भाग मृत्यूच्या सान्निध्याविषयी आहे: मुलांनी रोज हे का पाहावे, घरांच्या किमतींचे काय, असे. या भावनांना मी हसत नाही, पण जमीनवापराचा निर्णय त्यांवर उभा राहू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड गावाच्या खटल्यात झोनिंगची, म्हणजे कोणत्या भागात कोणता जमीनवापर चालेल हे ठरवून देण्याची, संकल्पना ग्राह्य धरली, तेव्हा न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी उपद्रवाची व्याख्या डुकराच्या उदाहरणाने केली होती: डुक्कर वाईट नाही, फक्त ते गोठ्याच्या आवारात असायचे ते दिवाणखान्यात आले आहे. प्रश्न जागेचा आणि परिणामांचा आहे, म्हणजेच धूर, वास, आवाज, वाहने आणि अंतर यांचा. अंतराचा विचारही नवा नाही. फ्रान्समध्ये १८९८ च्या कायद्याने मेलेले जनावर पुरायचे असेल तर तो खड्डा घरांपासून किमान १०० मीटर दूर असावा अशी अट घातली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या आस्निएर येथे कुत्र्यांसाठी दफनभूमी सुरू झाली. तोवर शहरातली मेलेली कुत्री सर्रास नदीत किंवा कचऱ्यात टाकली जात. जागा दिली नाही म्हणून गरज संपत नाही, ती भलतीकडे जाते.

दफन हा पर्याय अनेक जण सुचवतात, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते. आजारी प्राण्याला पशुवैद्य शांतपणे निरोप देतात तेव्हा बहुधा पेंटोबार्बिटल हे औषध वापरले जाते आणि ते मृत शरीरात दीर्घकाळ टिकून राहते. उथळ पुरलेले असे शरीर उकरून खाल्ल्याने गरुडांसारखे पक्षी आणि इतर प्राणी दगावल्याच्या नोंदी आहेत. योग्य तापमानाला केलेल्या दहनात हे औषध नष्ट होते.

मात्र ‘योग्य तापमान’ या दोन शब्दांतच सगळा वाद आहे आणि दुर्दैवाने अर्जात त्याविषयी जवळजवळ काहीच नाही. अशा भट्टीत दोन कक्ष असतात. पहिल्यात शरीर जळते आणि त्यातून निघणारे वायू दुसऱ्यात पुन्हा जाळले जातात. धुराड्यातून काळा धूर येतो की स्वच्छ उष्ण हवा, हे या दुसऱ्या कक्षावर ठरते. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमावलीत हे वायू ८५० अंश सेल्सियसला किमान २ सेकंद राहिले पाहिजेत, असे म्हटले आहे. दुसरा कक्ष पुरेसा तापण्याआधी पहिल्यात शरीर ठेवले, आधीच लालबुंद असलेल्या भट्टीत भरपूर चरबी असलेला मोठा कुत्रा घातला, किंवा एका वेळी क्षमतेपेक्षा जास्त भार टाकला, तर दुसऱ्या कक्षाला तो वायू पुरता जाळता येत नाही आणि मग आपल्याला खिडक्या लावून घ्याव्या लागतात. शरीर पीव्हीसीच्या पिशवीसकट आत गेले, तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन या विषारी द्रव्यांचीही त्यात भर पडू शकते.

हे समजून घेतल्यावर माझे मत बदलले. आमच्याकडे धूर येतो त्या दिवशी काय घडत असते, याचा विचार केला तर एकच भट्टी आहे, शीतगृह भरलेले आहे आणि पहिली राख निघते न निघते तोच पुढचे शरीर आत घातले जात आहे, असे चित्र उभे राहते. तीस किलोच्या कुत्र्याला दीड-दोन तास लागू शकतात. त्या वेळात घाई केली की ती धुराड्यातून दिसते. म्हणून दुसरी भट्टी आल्यास धूर वाढेलच असे नाही, उलट भार विभागला जाऊन तो कमीही होऊ शकेल. पण दोन्ही भट्ट्या तशाच घाईने चालवल्या तर तो दुप्पटही होईल आणि परवानगीपत्रात कोणती अट आहे यावरच ते ठरेल.

इथे पहिल्या भट्टीचे जुने कागद आठवतात. ती परवानगी कित्येक वर्षांपूर्वीची असून तिच्यात इमारतीची लांबी-रुंदी आणि वाहनतळ एवढ्याच गोष्टी आहेत. दिवसाला किती किलो, किती तास, दुसऱ्या कक्षाचे तापमान कोण नोंदवणार, यांचा उल्लेखही नाही. एकदा दिलेली परवानगी, ती देणाऱ्या कार्यालयाला पुन्हा सहजासहजी उघडता येत नाही. आज चालक स्वतःच विस्तार मागत आला आहे, म्हणून संपूर्ण केंद्राच्या अटी नव्याने लिहिण्याची संधी प्रथमच मिळाली आहे. अर्ज फेटाळला तर आपण जिंकल्यासारखे घरी जाऊ आणि जुनी भट्टी जुन्याच कागदावर, वाढत्या भाराने, चालत राहील. विरोधकांना मला हेच सांगायचे आहे आणि हेच त्यांना सर्वांत कमी आवडते.

चालकांशी माझे बोलणे झाले. ‘फक्त एक यंत्र वाढणार आहे’ हे त्यांचे वाक्य मला पटत नाही, कारण यंत्रांची संख्या हे मोजमापच चुकीचे आहे. वर उल्लेखलेली युरोपीय नियमावली लहान आणि मोठ्या केंद्रांमध्ये फरक करते तो वजनावर: ताशी किंवा एका खेपेला ५० किलोपर्यंत असेल तर लहान, त्यापुढे मोठे. मोठ्या केंद्राला तापमान घसरताच आपोआप पेटणारा सहाय्यक बर्नर आणि ठरलेले तापमान गाठेपर्यंत भट्टीत भार जाऊ न देणारी स्वयंचलित व्यवस्था बंधनकारक आहे. आपल्या कार्यालयाने हाच नियम उचलावा असे नाही, पण मोजायचे काय, हे त्यातून नक्की शिकता येईल.

माझ्या लेखी सूचनेत मी परवानगीला पाठिंबा दिला आहे, मात्र अटींसह. दोन्ही भट्ट्यांवर मिळून दिवसाला कमाल वजनाची मर्यादा असावी. दुसऱ्या कक्षाच्या तापमानाची अखंड नोंद कार्यालयाला आणि मागणाऱ्या रहिवाशाला पाहता यावी. जुन्या भट्टीचा दुसरा कक्ष नव्या भट्टीच्या दर्जाचा केल्याशिवाय नवी भट्टी सुरू होऊ नये, आणि या अटीवर मी तडजोड करणार नाही. शरीरे प्लास्टिकविना आत जावीत आणि रात्री दहन होऊ नये. वाहनांविषयीही लिहिले आहे, पण खरे सांगायचे तर दिवसाला चार गाड्या वाढल्याने कोणाचे फारसे बिघडणार नाही.

चालकांनी मला गेल्या महिन्यातला तापमानाचा एक आलेख दाखवला. रेषा बहुतेक वेळ ८५० च्या वर होती आणि काही ठिकाणी खोल खाली उतरली होती. त्या घसरणींच्या तारखा मी माझ्या खिडकीजवळच्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. सहापैकी पाच जुळल्या. त्यावर ते नाराज झाले नाहीत, उलट आलेखाची प्रत काढून दिली. दिवसाला कमाल किती किलो, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांनी अजून दिलेले नाही आणि सुनावणीत मी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.