ऑस्टिन पॉवर्सने बॉण्डला गंभीर केलं म्हणे!

एक दावा सारखा फॉरवर्ड होतोय: स्पाय सिनेमांची टिंगल 1997 च्या 'ऑस्टिन पॉवर्स' या कॉमेडी सिनेमाने सुरू केली, त्याने बॉण्डची इतकी खेचली की बिचाऱ्याला गंभीर व्हावं लागलं, आणि तसंही स्पूफ (म्हणजे विडंबन) काढायला काय अक्कल लागते, चार गॅजेट घ्या नि बिघडवा. तिन्ही चूक, मधलं तर फारच.

सुरुवातीचं आधी उरकू. बॉण्डचा पहिला सिनेमा 1962 चा, आणि 1964 ला ब्रिटनमध्ये 'कॅरी ऑन स्पायिंग' आलासुद्धा. 1965 ला अमेरिकन टीव्हीवर 'गेट स्मार्ट', ज्यात हेर पायातला बूट काढून त्यावरून फोन करतो. 1967 ला तर बॉण्डचा लेखक इयन फ्लेमिंगच्याच 'कसिनो रोयाल' कादंबरीवर कॉमेडी काढली, पीटर सेलर्स, डेव्हिड निवेन, वुडी ॲलन सगळे त्यात (सिनेमा म्हणून निव्वळ गोंधळ आहे, पण ते असो). ऑस्टिन पॉवर्समधली ती फोनची विचित्र रिंगसुद्धा 1966 च्या 'अवर मॅन फ्लिंट'मधून उचललेली.

आता बॉण्ड गंभीर झाला ते. याला आधार अगदीच नाही असं नाही, 2006 पासून बॉण्ड झालेला डॅनियल क्रेग स्वतः म्हणालाय की माइक मायर्सने, म्हणजे ऑस्टिन पॉवर्सच्या नटाने, आमची पार वाट लावली. पण तारखा बघा ना जरा. मायर्सचे ऑस्टिन पॉवर्सचे तीन सिनेमे आले 1997, 1999 आणि 2002 च्या जुलैत, म्हणजे तिन्ही वेळा खेचून झाली होती, आणि मग त्याच 2002 च्या नोव्हेंबरात बॉण्ड काय घेऊन आला तर 'डाय अनदर डे' आणि त्यात चक्क गायब होणारी कार! लाजलेला माणूस असं करतो? वर त्या सिनेमाने 40 कोटी डॉलरच्या वर कमावले. मला विचाराल तर धक्का बसला तो 'द बोर्न आयडेंटिटी' या स्पाय सिनेमाचा, तोही 2002 चाच, गॅजेट नाही काही नाही, नुसती जवळून अंगावर येणारी मारामारी. शिवाय 'कसिनो रोयाल'चे हक्क बॉण्डवाल्यांकडे 1999 पर्यंत नव्हतेच, आणि 1953 ची ती कादंबरी मुळातच कोरडी आणि क्रूर आहे, पत्ते आणि छळ. 2006 ला तिच्यावर निघालेल्या क्रेगच्या बॉण्डपटाचा गंभीरपणा बराचसा तिथूनच आलाय.

राहिलं अक्कल लागत नाही ते. 2006 चा फ्रेंच 'ओएसएस 117' बघा, रंग, लायटिंग, कारच्या मागचा खोटा रस्ता सगळं पन्नास-साठच्या दशकातलं वाटावं इतकं चोख, आणि मध्ये जां दुजार्दां या नटाने रंगवलेला ठार अडाणी हेर. फ्रेम सरळ म्हणून माणूस वेडा दिसतो. आणि वेंधळ्या हेराचा 2003 चा स्पूफ 'जॉनी इंग्लिश' कोणी लिहिला माहितीये? लेखकांत नील पर्व्हिस आणि रॉबर्ट वेड आहेत. 'डाय अनदर डे' यांचाच, आणि 2006 च्या 'कसिनो रोयाल'च्या लेखकांतही हेच दोघं. म्हणजे गायब कार, वेंधळा हेर आणि रक्तबंबाळ बॉण्ड, तिन्हीत एकाच जोडीचा हात, ते पण चार वर्षांत. आता यात कोणी कोणाला सुधारलं ते फॉरवर्डवाल्यांनी सांगावं.