ठाण्याचे ३० लाख लोक कुठेही गायब झालेले नाहीत

एक मेसेज सगळीकडे फिरतोय, की २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा होता आणि आता त्याच २०११ चा आकडा ८० लाख दाखवतात, म्हणजे ३० लाख माणसं गायब केली. वर असंही, की आदिवासी पाडे यादीत नाहीतच आणि हजारो शहरं नुसती कागदावर उभी केली.

आधी ठाणे. १,१०,६०,१४८ हा आकडा खराच आहे, तेव्हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा तोच होता. पण १५ तालुक्यांचा! जनगणनेच्या आधी जिल्हा, तालुका, गाव सगळ्यांच्या हद्दी गोठवतात, २०११ साठी ३१ डिसेंबर २००९ च्या हद्दी धरल्या आणि सगळे तक्ते त्यावरच निघाले. मग १ ऑगस्ट २०१४ ला वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा असे ८ तालुके काढून पालघर जिल्हा केला. एकट्या वसई-विरार महापालिकेतच १२ लाखांवर लोक आहेत. तालुक्यांचा तक्ता उघडा, या आठांची बेरीज मारा, मेसेजमधले ३० लाख तिथेच सापडतील.

पाड्यांचं म्हणाल तर यादीतलं गाव म्हणजे महसुली गाव, म्हणजे सरकारी जमीन नोंदीत ज्याची स्वतःची हद्द आहे ते. पाड्याला सहसा स्वतःची महसुली हद्द नसते म्हणून त्याची वेगळी ओळ नाही, पण प्रगणक, म्हणजे मोजणी करणारा, पाड्यावर जातो, घरांवर नंबर टाकतो आणि ती माणसं गावाच्या बेरजेत धरली जातात. खरी तक्रार करायची तर ही करा, की पाण्याची योजना नाहीतर रस्ता मागायला पाड्याचा स्वतंत्र आकडा लागतो आणि तो छापील तक्त्यात मिळत नाही. हे मलाही खूप खटकतं.

राहिली कागदी शहरं. सेन्सस टाउन, म्हणजे जनगणनेपुरती शहर धरलेली गावं, २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली, बरोबर. पण त्याला ठरलेल्या अटी आहेत: किमान ५,००० लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या (म्हणजे वर्षात किमान सहा महिने काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. तिथे नगरपालिका नसते, कारभार बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीचाच, सरपंचही तोच, फक्त तक्त्यात ते शहरी रकान्यात जातं.

आणि पुढच्या जनगणनेचे आकडे आले की परत हाच मेसेज फिरणार, तेव्हा जुन्या ठाण्याशी तुलना करायची असेल तर नवीन ठाणे आणि पालघर दोन्ही एकत्र धरा.