भाचीचं व्हायोलिन आणि दाजींची जेईई

गेले पंधरा दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चाललाय. माझी मामेबहीण कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, तिची मुलगी यंदा दहावी झाली, मार्क चांगले पडले, त्यात शास्त्रीय कलेचे वाढीव गुण पण आहेत. गणितात पोरगी अशी की शाळेतल्या बाई तिला फळ्यापाशी बोलवायचं टाळायच्या, कारण ती बाईंपेक्षा वेगळ्या रस्त्यानं उत्तराला पोचायची. आणि सहाव्या वर्षापासून व्हायोलिन. संगीताच्या परीक्षांतली मध्यमा पूर्ण झालीये, आता पुढच्या विशारदची तयारी चालू होती. पण अकरावी सायन्स म्हटल्यावर इंटिग्रेटेड क्लास आला, म्हणजे कॉलेज आणि जेईईची (इंजिनियरिंगच्या एंट्रन्सची) तयारी एकत्रच, सकाळी सात ते संध्याकाळी सात, आणि दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, जाहीर केलं की व्हायोलिन बंद. "कायमचं न्हाई ओ, दोनच वर्षं."

झालं, ग्रुप पेटला. एका काकांनी लगेच आइन्स्टाईनचा व्हायोलिनवाला फोटो टाकला. दुसऱ्या काकांनी आपल्या कोल्हापूरचे नारळीकर काढले (जन्म इथला, १९३८चा, हे खरंय, पण वाढले बनारसला, वडील तिथं गणिताचे प्रोफेसर आणि आई संस्कृतच्या जाणकार, त्यामुळं त्यांचं श्रेय आपण किती घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं). आणि आत्यानं नेहमीसारखं मला टॅग केलं, "परदेशात असं नसतं, सांग की रे तूच, तू तर व्हिएन्नात, मोझार्टच्या गावात!"

आता मोझार्टच्या गावात म्हणजे मी काय करतो तर एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि सकाळच्या ट्राममधे पेंगतो. मोझार्टचा आणि माझा संबंध म्हणजे सुट्टीला येताना आणतो ती त्याच्या फोटोची चॉकलेटं, एवढाच. आणि आत्या म्हणते तसं सगळं गोड असतं तर किती बरं झालं असतं. इथं पोरांची वाटणी चौथीतच होते. नवव्या-दहाव्या वर्षी ठरतं की कोण गिम्नाझियमला (युनिव्हर्सिटीकडं नेणाऱ्या शाळेला) जाणार आणि कोण साध्या मिटेलशूलेला, नंतर बदलता येतं म्हणतात पण सोपं नाही. माझ्या पोराच्या वेळी जर्मनच्या एका मार्कावर आमच्या घरात जे टेन्शन होतं ते बघितलं असतं तर दाजींना आपलेपणा वाटला असता. संगीताच्या शाळेत त्याचं नाव दोन वर्षं वेटिंगवर होतं, नंबर लागला तोवर त्याला फुटबॉल आवडायला लागला होता.

एक गंमत मात्र आहे इथली. शाळा संपल्यावरची मतुरा परीक्षा पास झालं की युनिव्हर्सिटीत गणिताला नाव घालता येतं, आपल्यासारखी गळेकापू एंट्रन्स नाही, पुढं पहिल्याच सत्रात भरपूर गळती होते तो भाग वेगळा. पण संगीत विद्यापीठात व्हायोलिन शिकायचं असेल तर मात्र प्रवेश परीक्षा, आणि ती इतकी कडक की जगभरातली पोरं लहानपणापासून त्याचीच तयारी करतात. म्हणजे इथले आईबाप पोराला म्हणतात, व्हायोलिनचा नाद सोड, नाही लागला नंबर तर काय करशील, त्यापेक्षा गणिताला जा! दाजींना हे फोनवर सांगितलं तर दोन मिनिटं हसतच होते.

ग्रुपवर आइन्स्टाईन फिरत होता तेव्हा मला दुसराच माणूस आठवत होता, यानोश बोल्याय. हंगेरियन, १८०२चा जन्म, ट्रान्सिल्व्हानियातला, म्हणजे आताच्या रोमानियातला. बाप गणिताचा मास्तर. पोरगं असं की तेराव्या वर्षापर्यंत कॅल्क्युलस येत होतं आणि व्हायोलिन पण तसंच, मैफलीत वाजवण्याइतकं. बापाला वाटत होतं की पोराला ग्योटिंगेनला आपला जुना दोस्त, मोठा गणिती गाऊस, त्याच्याकडं पाठवावं. जमलं नाही, पैसे नव्हते. मग पोरगं कुठं गेलं? इंजिनियरिंगला! इथंच, व्हिएन्नात, लष्कराच्या इंजिनियरिंग अकादमीत, १८१८ साली. सात वर्षांचा कोर्स त्यानं चार वर्षांत उडवला. दोनशे वर्षांपूर्वी पण हुशार आणि पैसे नाहीत म्हटलं की इंजिनियरिंगच, हे वाचून मला तर गहिवरून आलं.

पण खरी मजा पुढं आहे. ह्या पोराला युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकाचं (रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते, ह्याचं) वेड लागलं. बापानं स्वतः त्याच प्रश्नावर उमर घालवली होती आणि हाती काही लागलं नव्हतं, म्हणून त्यानं पोराला पत्र लिहून हात जोडून विनवलं की देवासाठी हे सोड, तब्येत जाईल, सुख जाईल. म्हणजे बघा, बाप व्हायोलिन सोड म्हणला नाही, गणित सोड म्हणला! पोरानं ऐकलं नाही आणि विशीतच ते गृहीतक बाजूला ठेवून नवी भूमिती उभी केली. १८३२ला बापाच्या पुस्तकाला परिशिष्ट म्हणून वीस-पंचवीस पानं छापली. गाऊसनं उत्तर दिलं की ह्याची स्तुती केली तर ती माझीच स्तुती होईल, कारण मला हे आधीच सुचलं होतं. पोरगं मोडलं ते तिथं. नंतर हजारो पानं लिहून ठेवली पण छापलं जवळपास काही नाही, १८६०ला गेला तेव्हा फार कुणाला पत्ताही नव्हता. सैन्यात असतानाची एक गोष्ट सांगतात की तेरा अधिकाऱ्यांनी त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं, हा म्हणला सगळ्यांशी लढतो पण मधेमधे मला व्हायोलिन वाजवू द्या, आणि सगळ्यांना हरवलं. खरी का खोटी कुणास ठाऊक, पण एकदम आपल्या तालमीत शोभणारा गडी.

हे मी ग्रुपवर टाकलं तर आत्या म्हणाली, "बघ, व्हायोलिनमुळंच त्याचं डोकं चाललं." आणि माझं नेमकं भांडण ह्या वाक्याशी आहे. दाजींशी नाहीच.

व्हायोलिनच्या बाजूनं बोलणारे सगळे हेच म्हणत होते, की व्हायोलिननं एकाग्रता वाढते, मेंदूच्या दोन्ही बाजू चालतात, गणित सुधारतं, म्हणून बंद करू नका. अरे पण ही बाजू घेणं म्हणजे व्हायोलिनला गणिताच्या घरी धुणंभांडी करायला लावणं झालं. आणि उद्या कुणी दाखवून दिलं की बुद्धिबळानं किंवा दोन तास जास्त झोपून गणित जास्त सुधारतं, मग काय? मोझार्ट इफेक्टचं असंच झालं होतं. १९९३ला अमेरिकेत एक प्रयोग झाला, ३६ कॉलेजची पोरं, दहा मिनिटं मोझार्ट ऐकवलं आणि एका प्रकारच्या कोड्यात त्यांचे मार्क जरा वाढले, तेही पंधरा मिनिटांपुरते. लहान मुलांचा तिथं संबंधच नव्हता. पण १९९८ला जॉर्जिया राज्याचा गव्हर्नर नवजात बाळांना सीडी वाटायला सरकारी पैसे मागत होता, आणि आपल्याकडं महाद्वार रोडला गर्भसंस्काराच्या सीडींचे ढीग लागले होते, माझ्या बायकोसाठी आईनंच आणलेली एक अजून इथल्या कपाटात आहे. पोरगा चौथीत जर्मनमधे अडकला ते सांगितलंच.

गणित आणि व्हायोलिन यांचं नातं आहे, नाही असं कुठं म्हणतोय. पण ते असं घोकंपट्टीच्या औषधासारखं नाही. गेल्या डिसेंबरात घरी आलो होतो तेव्हा भाचीनं मला वहीत एक हिशेब दाखवला. सा पासून पंचम, म्हणजे प, त्या पंचमाला सा धरून त्याचा पंचम, असं बारा वेळा चढत गेलं की सात सप्तकं वर परत सा वर यायला पाहिजे. येत नाही! पंचमाच्या आणि सा च्या कंपनांचं गुणोत्तर ३/२, त्याचा बारावा घात १२९.७५च्या आसपास, आणि एक सप्तक चढलं की कंपनं दुप्पट, म्हणून सात सप्तकं म्हणजे २चा सातवा घात, १२८. "मामा, हे पावणेदोन कुठं जातात?" पेटी (हार्मोनियम) बनवणारा ते आधीच सगळ्या स्वरांत थोडं थोडं वाटून टाकतो म्हणून पेटीत कुणालाच धड न्याय मिळत नाही, आणि व्हायोलिनला पडदेच नसतात त्यामुळं तिथं वाटायचं काम बोटाचं, प्रत्येक रागात वेगळं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कान म्हणत होता काहीतरी गडबड आहे म्हणून तिनं कॅल्क्युलेटर काढला होता.

मग मी शहाणपणा करून तिला तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा, हिशेब विचारला. सोळा मात्रांच्या तीनतालात समेवरनं (पहिल्या मात्रेवरनं) उठायचं, पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा गप्प, असं तीनदा, पाच त्रिक पंधरा आणि मधले दोन, सतरा, सतरावी म्हणजे पुढची सम. म्हटलं वाजवताना मोजतेस का? तर म्हणाली, "मोजायला लागलं की चुकतं मामा. मोजायचं आधी, वाजवताना विसरायचं." आता हे वाक्य जेईईच्या कुठल्या चॅप्टरमधे बसवायचं सांगा.

मग प्रश्न काय उरला? वेळेचा. आणि इथं मात्र मला परदेशाचं एक खरंच सांगायचंय. माझ्या ऑफिसात अकाउंट्सला एक गृहस्थ आहेत, पंचावन्न-छप्पन्नचे, दर मंगळवारी साडेचारला बॅग उचलतात आणि हौशी ऑर्केस्ट्राच्या तालमीला जातात, सेकंड व्हायोलिन वाजवतात. मी एकदा ऐकायला गेलो होतो, बेताचंच वाजवतात हो! पण तीस वर्षं त्यांचा मंगळवार कुणी मागितलेला नाही, ना बॉसनं ना बायकोनं. ह्याला संस्कृती वगैरे म्हणायची गरज नाही, ऑफिस वेळेवर सुटतं एवढंच आहे ते. आपल्याकडं एक तर किशोरीताई आमोणकर नाहीतर काहीच नाही, मधलं बेताचं वाजवणारं माणूस आपल्याला नकोच असतं.

पण हे कोल्हापुरानं मला का शिकवलं नाही असंही म्हणवत नाही, कारण हे कोल्हापूरचंच आहे. इथला गाण्याचा देवल क्लब १८८३पासूनचा. तिथं येऊन बसणारे सगळे काय उस्ताद नव्हते, वकील होते, मास्तर होते, दुकान बंद करून येणारे होते. शाहू महाराजांनी गवई अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवलं म्हणून जयपूर घराण्याची ती अवघड गायकी ह्या गावात मुरली, पण ती ऐकून दाद द्यायला हौशी कान लागले ना? आणि ज्या परीक्षांमुळं भाचीला वाढीव गुण मिळाले त्यांची मुळंसुद्धा गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या, कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांपर्यंत जातात, आपल्याच जिल्ह्यात. त्यांना संगीत चारचौघांच्या घरात न्यायचं होतं. आम्ही ते मार्कशीटवर नेलं आणि मार्क पडल्यावर पेटीत ठेवलं.

दाजींचं "दोनच वर्षं" मला लागलं त्याचं कारण वेगळंच आहे, ते ग्रुपवर नाही लिहिलं. नववीत असताना माझं पण दोनच वर्षं बंद झालं होतं. ते व्हायोलिन आईच्या घरी माळ्यावर आहे, घोडी पडलेली, तारा गंजलेल्या, गजाचे केस उंदरानं खाल्लेले, ह्या दिवाळीला अठ्ठावीस वर्षं होतील. मी काही मोठा वादक झालो नसतो, गुरुजी तसं तोंडावर म्हणायचे. पण मंगळवारी साडेचारला मला कुठंतरी जायला जागा असती.

म्हणून मी दाजींना एकच सांगितलं, आइन्स्टाईन नको नि बोल्याय नको, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, व्हायोलिननं रँक सुधारणार नाही, कदाचित थोडा खालीच येईल. तेवढा येऊ दे म्हणायची तयारी आहे का बघा. आठवड्यात एक संध्याकाळ. दाजी बराच वेळ बोलले नाहीत, मला वाटलं रेंज गेली.

परवा त्यांचाच फोन आला. क्लासवाल्यांकडं जाऊन आले म्हणाले, मंगळवारची दुपारनंतरची बॅच सोडली तर चालेल का विचारलं. ते म्हणाले चालेल, पण फी एक रुपया कमी होणार नाही.

"मग?"

"मग काय, न्हाई तर न्हाई म्हटलं."